डाव्या हातावरची नर्मदा

९ जानेवारी १९६०, मालवण

ही वही कोल्हापुरात घेतली होती, तर्कशास्त्राच्या नोट्स उतरवायला. पहिल्या पानावर 'सर्व मनुष्य मर्त्य आहेत' एवढंच लिहिलेलं. त्यानंतर तर्कशास्त्राने मला सोडलं आणि मी तर्कशास्त्राला. ते पान आज फाडलं. आता ही रोजनिशी.

कॉलेज का सोडलंस, असं दिवसातून दहा जण विचारतात. एकदाच लिहून टाकतो. हॉस्टेलच्या खोलीत मी स्टोव्हवर सुका बांगडा भाजत होतो. वास सुटला, कबूल. पण रेक्टरांनी तो बांगडा चिमट्याने उचलून गच्चीवरून खाली फेकला. आयेने मीठ लावून, उन्हात राखणीला बसून वाळवलेला बांगडा! मी त्यांची छत्री विहिरीत टाकली. ते म्हणाले, माफी माग. मी म्हटलं, आधी तुम्ही बांगड्याची मागा. इंटरचं वर्ष तिथेच बुडालं, छत्रीच्या शेजारी.

बंदरावर बाबांची कौलांची वखार आहे. मंगळुरी कौलं गलबतांतून येतात, ती मोजून घ्यायची आणि गाड्यांवर चढवायची. "उद्यापासून मोजूक ये," एवढंच म्हणाले.

वही माझीच आहे, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही. बांगडा निमित्त. मालवणात नर्मदा आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. महादूकाकांचं सोडा-लेमनचं दुकान धक्क्याच्या तोंडाशी आहे. मुंबईची बोट लागली की काका बाटल्यांचा खोका घेऊन पडावातून बोटीकडे जातात, आणि गल्ल्यावर त्यांची नर्मदा बसते. बोट कधी लागणार हे आता एजंटापेक्षा मला जास्त माहीत.

"कितवो रे ह्यो सोडो?" ती म्हणाली.

"चौथा."

"पोटात समुद्र झालो आसतलो. भरती इली तर माका सांग, मी खोके वर ठेवतंय."

मी तिळगूळ पुढे केला. म्हटलं, गोड बोल.

"मी गोडच बोलतंय. लोकांची छत्री विहिरीत कोण टाकता?"

आजूबाजूला कोणी नव्हतं. मी एका दमात सांगून टाकलं की लग्न करीन तर तुझ्याशी. ती लाजेल असं वाटलं होतं. तिने बाटलीतली गोळी अंगठ्याने खाली दाबली, फस्सकन आवाज झाला, आणि म्हणाली, "तुजो भरवसो काय? तालीम अर्ध्यार सोडलंस. तबलो शिकाक गेलंस, तोय अर्ध्यार. कॉलेज अर्ध्यार. उद्या माकाय अर्ध्यार सोडशीत."

सोडा तसाच ठेवून निघून आलो. (तोही अर्ध्यावर, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.)

रागाने सबंध वाट चालत होतो आणि वखारीच्या दाराशी एकदम सुचलं. जे अर्ध्यावर सोडताच येत नाही असं काहीतरी करून दाखवायचं. गोंदवून घ्यायचं! नर्मदा. कायमचं. मग बोल म्हणावं.

२० जानेवारी

घाईने काही करायचं नाही असं ठरवलंय. जाणत्या माणसांचं मत घ्यायचं. प्रथम बाबलीमामा. मामा म्हातारा तांडेल, जन्म गलबतावर गेला. त्याच्या छातीवर 'लक्ष्मीप्रसाद' असं गोंदलेलं आहे आणि खाली नांगर. आता कातडी सैल पडल्यामुळे नांगर बुडत चालल्यासारखा दिसतो.

"लक्ष्मीप्रसाद म्हणजे आमचा गलबत," मामा म्हणाला. "तेच्यार माजी वीस वर्सां गेली. मगे मालकान रत्नागिरीक इकल्यान. नवीन मालकान नाव बदलल्यान. आता गलबत दुसऱ्याच नावान फिरता आणि जुना नाव हय माज्या छातीर बसलासा. माका इचारशीत तर गोंदवच्या आधी एकच बघ. जेचा नाव घालतंस, ता नाव तेच्याकडे रवतला काय?"

मी म्हटलं, "मामा, माणूस म्हणजे काय गलबत आहे, विकलं आणि नाव बदललं?"

मामा इतका हसला की खोकला लागला. पाणी दिलं. म्हातारपणी माणसं कशालाही हसतात.

२७ जानेवारी

आज काशीआत्या. बाबांची थोरली बहीण, लवकर विधवा झाली, तेव्हापासून आमच्याकडेच. घरातल्या सगळ्या रीती तिच्या ताब्यात. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत हिरवे आहेत. तुळस, विंचू, ठिपक्यांच्या रांगा.

"आत्या, दुखतं का गं?"

"दुखता तर! सुयांचो झुबको करतत, काजळ नि पाल्याचो रस घालतत आणि टोचतत. माका चौघींनी धरल्यानी." तिने विंचवावरून बोट फिरवलं. "पण मेल्यार सोना काढून घेतत, लुगडा काढून घेतत. ह्या कोण काढीत? ह्या माज्या वांगडा चितेर येता."

मग तिला भलताच हुरूप आला. "तुजी बायल येवंदे. पयल्या आठवड्यात गोंदणारणीक बोलवन तिचे हात भरून घेतंय. आणि नाव सावित्री! पाळण्यात तुजा नाव सत्यवान ठेवलंव ना, तेवाच मी सांगलंय, ह्येची बायल सावित्री."

मला संताप आला. मी तिला चांगलं सुनावलं. म्हटलं, हे विसावं शतक आहे, बाईमाणसाला चौघींनी धरून सुया टोचणं हा रानटीपणा आहे, जिचं अंग तिची मर्जी! आत्या "बरा, बरा" म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी एक आंबोळी टाकली. नावाचं मी मनावर घेतलं नाही. तो बायकांचा मामला.

माझं कुठे गोंदवावं हे मात्र ठरत नाही. छाती की दंड?

२ फेब्रुवारी

नर्मदेला सांगितलं. चूक झाली. हातावर झाल्यावरच दाखवायला हवं होतं.

"खंय गोंदवतलंस?"

"छातीवर. काळजाच्या वर."

"म्हणजे लोकांका दाखवक जन्मभर सदरो काढून फिरतलंस? पावसातय?"

"मग दंडावर."

"गेल्या जत्रेत आमच्या शेजारच्या बाबून दंडार मारुती काढून घेतल्यान. हात पिकलो. महिनोभर घास तोंडाकडे जाय नाय, आवस भरवी. सुई कोणाकोणाच्या अंगातसून इली ता इचारलंस?"

"नाही."

"आणि मी नाय म्हटलंय तर? दुसऱ्या कोणाशी लगीन झाला, तर तिका काय सांगशीत? नर्मदा माजी भैण?"

"दुसरी नाहीच!" मी ओरडलो. धक्क्यावरचे हमाल वळून बघायला लागले.

"आरडा नको. इचार कर म्हणतंय."

विचार! वीस दिवस दुसरं काय करतो आहे? वखारीत येऊन कौलांच्या थराला लाथ घातली. कौल फुटलं नाही. अंगठा सुजला आहे.

१२ फेब्रुवारी

वाईट बातमी. नर्मदेला बघायला मुंबईहून एक जण बोटीने आला. कुठल्याशा गिरणीच्या ऑफिसात कारकून आहे. काळा चष्मा, पांढरे बूट. त्याला बोट लागली होती त्यामुळे चेहरा मात्र कच्च्या कैरीसारखा झालेला. पडावातून उतरताना त्याने खलाशाचा हात धरला आणि बूट तरीही भिजले. एवढंच समाधान. बरोबर त्याची आई होती. ती दुकानाच्या पायरीवर उभी राहून महादूकाकांना म्हणत होती, "मुलगी पसंत आहे हो. आमच्यात सुनेचं नाव शैलजा ठेवायचं ठरलंय."

जेवलो नाही. आयेने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा तिसऱ्यांचं कालवण वाढूनच आणलं, तेव्हा जेवलो.

१६ फेब्रुवारी

आजचा दिवस सोन्याच्या शाईने लिहायला हवा!

नर्मदेची थोरली बहीण सुगंधा लग्नानंतर पहिल्यांदाच काल बोटीने आली. नर्मदा तिच्याबद्दलच काहीतरी सांगत होती. मला वाटतं असं, की ही धक्क्यावरून "गो सुगंधा, गो सुगंधा" अशा हाका मारत होती आणि सुगंधा पाठमोरी उभी राहिली, वळलीच नाही. मग तिच्या सासऱ्याने हळूच "वैजयंती" म्हटलं तर लगेच वळली. सासरी तिचं नाव वैजयंती आहे. "दोन वर्सांत आपला नाव इसारली रे," नर्मदा म्हणाली. मी हो हो म्हणत होतो. खरं सांगायचं तर तिच्या वेणीत सुरंगीचा वळेसर होता, यंदाचा पहिलाच, आणि वारा माझ्याकडेच वाहत होता.

मग ती म्हणाली, "सत्यवान, तुमच्यात सुनेचा नाव बदलतत?"

"बदलतात की. आत्याने माझ्या बारशालाच ठरवून ठेवलंय. सावित्री."

ती रिकाम्या बाटल्या खोक्यात घालत राहिली. एकाएकी म्हणाली, "ता तुज्या गोंदवच्याचा काय झाला?"

"तू नको म्हणालीस ना?"

"मी कधी नको म्हटलंय? इचार कर म्हटलंय. झालो इचार?"

मी मान हलवली.

"मगे आयक. छातीर नको, दंडारय नको. हय." तिने स्वतःच्या डाव्या हातावर कोपराच्या खाली बोट ठेवलं. "पंगतीत वाढताना, गाडी भरताना, खंयय दिसाक होया. नुसता 'न' नको, पुरा नाव. अक्षरां मोठी. आणि सुई उकळून घे, नायतर हात सडलो तर नावय सडात."

किती काळजी! माझ्या प्रेमाने शेवटी तिचं मन पाघळलंच. एवढे दिवस नाही म्हणणारी मुलगी आता अक्षरांची मापं सांगते आहे! शेजारच्या पानवाल्याला मिठी मारावीशी वाटली. मारली.

२२ फेब्रुवारी

देवीच्या जत्रेला गेलो. खाजं, बांगड्या, खेळणी यांच्या पालांपलीकडे बेळगावकडचा एक गोंदणारा बसला होता. बॅटरीवर चालणारं मशीन, आणि पाटीवर नमुने. मारुती, नाग, त्रिशूळ, शेपटी असलेली बाई.

मी म्हटलं, सुई उकळून दे.

"आजवर कुणी मागितलं न्हाई," तो म्हणाला.

"मी मागतोय."

"मग उकळा तुमीच."

सुई काढून दिली त्याने. ती घेऊन मी शेजारच्या चहावाल्याकडे गेलो. त्याच्या किटलीत टाकू म्हटलं तर तो माझ्या सात पिढ्या उद्धरायला लागला. "शिरा पडली तुज्या तोंडार, लोक च्या पितले काय रगात?" शेवटी वेगळ्या टोपात पाणी ठेवलं. सगळी जत्रा बघायला जमली. सुई उकळून पितात हा समज त्यातल्या काही पोरांचा अजून असेल.

गोंदणाऱ्याने आधी शाईच्या काडीने हातावर नाव लिहिलं आणि विचारलं, "बघून घ्या. एकदा मशीन लागलं की मढ्यासंगट जाईल."

नर्मदा. मोठं, ठसठशीत. मी म्हटलं, चालव.

दुखतं. आत्या खोटं बोलली नव्हती. 'न' ला मी हसत होतो. 'र्म' ला देवीचं नाव घेतलं. 'दा' चा काना काढताना रेक्टरांना, छत्रीला, तर्कशास्त्राला, सगळ्यांना शिव्या दिल्या. पण हात हलवला नाही. अर्ध्यावर सोडलं नाही. हे कोणीतरी लिहून ठेवायला हवं, म्हणून लिहितो.

२५ फेब्रुवारी

दोन दिवस ताप. हात दुधीभोपळ्यासारखा. मनगटापर्यंतची बाही घालून लपवत होतो, पण मी झोपेत असताना आयेने ती वर केली. तिला वाचता येत नाही. बाबांना बोलावलं. बाबांनी मोठ्याने वाचलं. काशीआत्या देवघरातून धावत आली.

"ही कोण नर्मदा?"

"महादू सोडेवाल्याचा चेडू," बाबा म्हणाले. म्हणजे त्यांना माहीत होतं! "रोज पाच सोडे पिणाऱ्याक तहान कसली आसा, ता माका कळता."

मी म्हटलं, लग्न करीन तर तिच्याशीच, नाहीतर घर सोडीन. बाबा म्हणाले, "घरय अर्ध्यार सोडशीत. पडान रव."

आयेने हळद आणि खोबरेल लावलं. बोटाने एकेक अक्षरावरून लावत होती. सुकटीचं तोंड सुद्धा पाहायचं नाही असा आत्याचा हुकूम. नुसती पेज.

२८ फेब्रुवारी

महादूकाका घरी आले. पायरीवरूनच सुरुवात. "माज्या चेडवाचा नाव तुमच्या झिलाच्या हातार! बोटीत तीच गजाल, बंदरार तीच, न्हाव्याकडे तीच! मुंबयकारान नको म्हणान निरोप धाडल्यान. आता तिका करीत कोण?"

हे मी मनात आणलंच नव्हतं. कुठे, किती मोठं, सुई कशी, सगळा विचार झाला. पण नाव दुसऱ्याचं आहे आणि ते मी गावभर हातावर मिरवणार आहे, हे डोक्यात आलं नाही. पहिल्यांदाच असं झालं की मला राग यायला हवा होता आणि आला नाही. मान खाली घालून उभा राहिलो.

बाबा म्हणाले, "महादू, जेच्या हातार नाव तोच करीत."

"ह्यो? छत्रीवालो?"

बरीच घासाघीस झाली. अखेर काकांची अट: लग्नापर्यंत मी रोज वखारीत बसायचं, आणि कोणाशीही एकसुद्धा भांडण करायचं नाही. एक भांडण झालं की सगळं मोडलं. लग्न मे महिन्यात.

संध्याकाळी दुकानावर गेलो. नर्मदेला विचारलं, लोक बोलले त्याचं तुला वाईट वाटलं का?

"मुंबयकार गेलो, ता फारच वायट झाला," ती म्हणाली आणि बाटलीची गोळी अशी दाबली की निम्मा सोडा माझ्या सदऱ्यावर. बिचारी. पण मग हसत का होती?

१९ मार्च

शिमगा झाला. या दिवसांत न भांडणं म्हणजे काय ते देवच जाणे. खलाशी मला 'नर्मदेचो हात' म्हणतात. आज एक तांडेल शंभर कौलं कमी देऊन पुरी आहेत म्हणाला. मी पाण्यात तीन बुड्या मारून आलो आणि पुन्हा मोजायला लागलो. चौथ्या थराला तोच म्हणाला, "ऱ्हवांदे, आणतंय." बाबा लांबून बघत होते. रात्री जेवताना त्यांनी स्वतःच्या ताटातला सुरमईचा तुकडा माझ्या ताटात ठेवला.

३ एप्रिल

भटजी आले होते. मुहूर्त, याद्या, सगळं झालं. उठता उठता त्यांनी विचारलं, "नवरीचं नाव काय ठेवायचं?"

"सावित्री," आत्या.

बाबा म्हणाले, "हातार काय आसा ता बघलंस? हातार नर्मदा, घरात सावित्री. लोक म्हणतले सत्यवानाक दोन बायलो."

"हात सदऱ्यात रवता. आणि ह्या घरात इलेल्या प्रत्येकीचा नाव बदललासा. रीत म्हणजे काय सोडो, इलो वास म्हणान ओतून टाकलो? इतक्याच आसा तर उजव्या हातार सावित्री घाला."

मला ही कल्पना फारच आवडली! डाव्या हातावर नर्मदा, उजव्यावर सावित्री. तराजूसारखं. आत्या खूश, बाबा खूश. मी म्हटलं, घालतो.

आये दारात पेज निववत उभी होती. ती अशा बोलण्यात कधी पडत नाही. आज एकदम म्हणाली, "सत्यवान, माजा पयला नाव ठावक आसा तुका?"

"सुभद्रा."

"ता ह्या घरातला. तेच्या आधीचा."

"आधीचं कुठलं?"

"काय नाय," ती म्हणाली. "जेवक बस."

५ एप्रिल

नर्मदेला तराजूची कल्पना सांगायला गेलो. वाटेत शीळसुद्धा घातली.

तिने सगळं ऐकून घेतलं. "दोन हात आसत म्हणान दोन नावां. तीन आसते तर शैलजाय घातलंस असतंस?"

"चिडतेस कशाला? नावाचं काय एवढं?"

मग ती जे बोलली ते तसंच्या तसं लिहितो, कारण ती माझ्याशी एवढं लांब कधी बोललेली नाही.

"नावाचा काय? फायनलची परीक्षा कोण पास झाला? नर्मदा. जूनात कन्याशाळेत मास्तरणीची जागा गावली तर कोणाच्या नावार? सावित्री बिगारीत तरी बसली काय रे? सुगंधा हय उभी होती, हाकेच्या अंतरार, माजीच भैण, आणि वळान बघूक नाय. मी त्या दिसाक तुका सगळा सांगलंय. तू खंय बघी होतंस?"

सुरंगीकडे, असं सांगायची हिंमत झाली नाही.

"माका नर्मदाच रवाचा आसा. तुज्या घरात कोण हातारचा पुसूचा नाय म्हणान गोंदवक सांगलंय. शोभेक नाय."

मी म्हटलं, "म्हणजे प्रेमासाठी नाही?"

"मेल्या," ती म्हणाली, "प्रेम नसता तर मुंबयकाराक नसतंय गोंदवक लावलंय?"

परत येताना शीळ घातली नाही. बाबलीमामा होड्यांच्या सावलीत जाळं विणत होता. त्याला म्हटलं, मामा, तुम्ही तेव्हा का हसलात ते आत्ता कळलं. मामा म्हणाला, "आडीच महिन्यांनी? जलद कळला."

१० एप्रिल

आत्याशी बोललो. ओरडलो नाही. म्हटलं, ती नर्मदाच राहू दे. आत्या म्हणाली, "माजा बदलला, तुज्या आवशीचा बदलला, तेव्हा कोण मेला?" मग पाठ फिरवून वाटण वाटायला बसली. पाट्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता. बाबा म्हणतात, ऐनवेळी बघू. ऐनवेळ आल्यावर कोणी बघत नाही, हे मला कॉलेजात कळलं आहे.

१४ मे

काल लग्न झालं. भांडण न होता! महादूकाकांनी स्वतः सर्वांना सोडा पाजला.

वरात घरी आली. लक्ष्मीपूजनाला नर्मदा माझ्या उजव्या बाजूला बसली होती. मधे तांदळाचं ताट. भटजींनी सोन्याची अंगठी माझ्या हातात दिली, नाव लिहा म्हणाले. आत्या पाठीमागे बसून कानाशी, "सावित्री लिव. सा. वि." नर्मदा समोर समईकडे बघत होती. वळून बघितलं नाही तिने. सांगायचं ते एकदा सांगून झालं होतं.

पन्नास माणसं, आत्याचा श्वास मानेवर. दोनच गोष्टी येतात मला: ओरडणं किंवा उठून जाणं. दोन्हींपैकी काही केलं असतं तर ते अर्ध्यावरच झालं असतं.

तेवढ्यात आये पुढे आली. माझं उपरणं सारखं करते आहे असं दाखवत ती वाकली आणि माझ्या डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत दुमडून ठेवली. व्यवस्थित, दोन घड्या घालून. मग मागे जाऊन उभी राहिली.

हात तांदळाच्या ताटाशेजारी. मी बघून बघून लिहिलं, जसंच्या तसं. 'दा' चा काना लांबला.

"नर्मदा," भटजींनी वाचलं.

"काय?" आत्या.

"नर्मदा, काशीबाई. स्पष्ट आहे अक्षर."

मग दारातून बाबलीमामाचा आवाज आला, "गलबताचा नाव तसाच ऱ्हवला रे!" त्यावर जो हशा झाला त्यात बाबासुद्धा होते. आत्याने साखरेची वाटी उचलली. मला वाटलं फेकते. तिने आधी स्वतःच्या तोंडात चिमूट टाकली आणि म्हणाली, "जळो मेल्यांनू. साखर तरी वाटा."

नर्मदेने आता माझ्याकडे बघितलं. पुढचं लिहीत नाही.

२२ मे

संसाराची गंमत अशी: तिचं नाव राहिलं, माझं गेलं! काल-परवापर्यंत धक्क्यावरून "सत्यवान, मेल्या" म्हणणारी मुलगी आता मला "आयकलात?" म्हणते. नाव घे म्हटलं तर "शी, घोवाचा नाव घेतत काय!" आत्या त्यावर खूश. म्हणते, चेडू रीतीतला आसा.

आत्याने तीन दिवस नेटाने "गो सावित्री, गो सावित्री" करून पाहिलं. स्वयंपाकघरातून उत्तर नाही. तवा करपला तरी उत्तर नाही. काल शेवटी "गो नर्मदे, आमटी उतू जाता!" आणि लगेच "ओ आत्या!" गोंदणारणीचं नाव आत्याने काढलेलं नाही. नर्मदेनेच काल तिचा हात मांडीवर घेऊन त्या विंचवाची सगळी हकीकत विचारून घेतली.

आज दुपारी वखारीतून जेवायला आलो तर मागच्या पडवीत आये आणि नर्मदा तांदूळ निवडत होत्या. सुपातले तांदूळ पसरून त्यात नर्मदेने बोटाने काहीतरी लिहिलं होतं आणि आयेचं बोट धरून त्यावरून फिरवत होती. मला बघून आये सूप घेऊन आत पळाली, पण मी वाचलं होतं. गंगू.

"ही गंगू कोण?"

"माका कित्याक इचारतात?" नर्मदा म्हणाली. "नुसती हाक मारून बघा."

मी थट्टेतच, घराच्या आतल्या काळोखाकडे तोंड करून ओरडलो, "गंगू! अगे गंगू!"

"ओ!" म्हणत आये अशी झटकन दारात आली की तिच्या हातातलं सूप उंबऱ्याला लागलं आणि तांदूळ सगळीकडे सांडले.